प्लेबुक हिरवं, तरी पीजीअ‍ॅडमिन उघडेना: कुबरनेटिसवर अ‍ॅन्सिबलने बसवताना वारंवार येणाऱ्या अडचणी

पीजीअ‍ॅडमिन हे पोस्टग्रेस डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं साधन. ते कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकने, म्हणजे आपोआप करायच्या कामांच्या लिखित यादीने, बसवता येतं. प्लेबुक शेवटपर्यंत पळतं, खाली 'फेल्ड' शून्य दिसतं, पण ब्राउझरमध्ये लॉगिन होत नाही. कधी नवा पॉड (कंटेनर चालवणारं कुबरनेटिसचं एकक) 'कंटेनर-क्रिएटिंग'वरच अडकतो. कधी सर्व्हरची यादी बदलून प्लेबुक पुन्हा चालवलं, तरी डावीकडच्या झाडात जुनीच नावं राहतात. एकदा कसंबसं सुरळीत होतं आणि पुढच्या बदलाला किंवा पुढच्या वीजखंडितीला तेच सगळं पुन्हा समोर येतं.

या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेकींचं मूळ एक आहे. अ‍ॅन्सिबल तपासतं ती कुबरनेटिसकडची नोंद. पीजीअ‍ॅडमिन मात्र वापरकर्ते, पासवर्ड, सर्व्हरची यादी हे सगळं आपल्या व्हॉल्यूममधल्या (पॉड गेला तरी टिकणाऱ्या साठवणीतल्या) एका एसक्यूलाइट फाईलमध्ये, म्हणजे एकाच फाईलच्या छोट्या डेटाबेसमध्ये, ठेवतं. त्या फाईलमध्ये काय आहे हे प्लेबुकला दिसतच नाही. म्हणून प्लेबुक 'ओके' म्हणालं याचा अर्थ नोंद जुळली एवढाच घ्यायचा.

पुढचं सगळं कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागल एमआयडीसीतल्या कारखान्यात शोभेल अशा मांडणीला धरून लिहिलं आहे: जागेवरच ठेवलेले तीन नोड (मिळून कुबरनेटिसचं क्लस्टर होणारी मशीन), पोस्टग्रेस क्लस्टरबाहेर स्वतंत्र मशीनवर, आणि एका लायनक्स मशीनवरून चालणारं अ‍ॅन्सिबल. क्लाउडवर असाल तर विजेचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी पॉडची अवस्था बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी 'कुबसीटीएल' या कमांडने तीन गोष्टी बघायच्या: 'गेट पॉड्स' रुंद आउटपुटसह, म्हणजे पॉड कोणत्या नोडवर आहे ते कळतं, 'डिस्क्राइब पॉड'च्या तळाचे इव्हेंट, आणि पॉड सारखा रीस्टार्ट होत असेल तर 'लॉग्ज'ला 'प्रीव्हियस' जोडून मागच्या मेलेल्या कंटेनरचा लॉग. तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात आणि नुकत्याच सुरू झालेल्या कंटेनरचा कोरा लॉग बघत बसतात.

पॉड 'रनिंग' आणि 'रेडी' असून लॉगिन होत नसेल तर दोष डेटा फाईलमध्ये. 'कंटेनर-क्रिएटिंग'वर अडकला असेल तर व्हॉल्यूममध्ये. 'क्रॅश-लूप-बॅकऑफ' असेल तर बहुधा ईमेल, परवानग्या किंवा प्रोब (कंटेनर नीट चालतोय का हे बघणारी कुबरनेटिसची तपासणी). 'पेंडिंग' असेल तर इव्हेंटमध्ये 'व्हॉल्यूम नोड अ‍ॅफिनिटी कॉन्फ्लिक्ट' आहे का ते आधी शोधा.

पासवर्ड बदलला, तरी जुनाच चालतो

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण ही. व्हॉल्टमधला (अ‍ॅन्सिबलच्या कुलूपबंद फाईलमधला) पासवर्ड बदलला, सीक्रेट (कुबरनेटिसची गुप्त माहितीची नोंद) नवं झालं, पॉडही नव्याने उठला, पॉडमध्ये शिरून एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल तपासलं तर तिथंही नवाच पासवर्ड. तरी लॉगिन जुन्यानेच होतं.

'पीजीअ‍ॅडमिन डिफॉल्ट ईमेल' आणि 'पीजीअ‍ॅडमिन डिफॉल्ट पासवर्ड' ही दोन व्हेरिएबल्स फक्त पहिल्या सुरुवातीला वाचली जातात. सुरुवातीची स्क्रिप्ट 'वार-लिब-पीजीअ‍ॅडमिन' या डिरेक्टरीत 'पीजीअ‍ॅडमिन४.डीबी' ही फाईल आहे का बघते. नसेल तर ती तयार करून पहिला अ‍ॅडमिन घालते. असेल तर या व्हेरिएबल्सना कोणी विचारत नाही. व्हॉल्यूम कायमचा असल्यामुळे फाईल दुसऱ्या खेपेपासून असतेच.

यावर व्हॉल्यूम उडवून नव्याने बसवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. त्यात इतर वापरकर्ते, त्यांचे जतन केलेले क्वेरी फोल्डर, सर्व्हर गट असं सगळंच जातं. आठव्या मालिकेपासून 'सेटअप.पीवाय'ला वापरकर्त्यांसाठीच्या आज्ञा आहेत. पॉडमध्ये 'व्हेन्व्ह' डिरेक्टरीतल्या पायथनने 'पीजीअ‍ॅडमिन४' डिरेक्टरीतली सेटअप.पीवाय चालवायची, पुढे 'अपडेट-युजर', मग ईमेल, मग पासवर्डचा पर्याय आणि नवा पासवर्ड. अ‍ॅन्सिबलमधून हे 'के८एस-एक्झेक' मॉड्यूलने होतं. त्या टास्कला 'नो-लॉग' खरं ठेवा, नाहीतर पासवर्ड उघडाच्या उघडा लॉगमध्ये जातो.

हा टास्क हँडलर (दुसऱ्या टास्कने बदल कळवला तरच चालणारा टास्क) म्हणून लिहायचा मोह होतो: सीक्रेट बदललं की नोटिफाय, शेवटी हँडलर. इथं एक छुपा खड्डा आहे. हँडलर चालतात प्लेच्या शेवटी. मध्येच डिप्लॉयमेंटचा (पॉड तयार करणाऱ्या नोंदीचा) टास्क वेळ संपून पडला तर हँडलर चालतच नाही. पुढच्या वेळी प्लेबुक चालवलं तर सीक्रेट आधीच बदललेलं असल्यामुळे तो टास्क 'ओके' दाखवतो, नोटिफाय होत नाही, आणि पासवर्ड कायमचा मागे राहतो. म्हणून पासवर्ड बदलणं हा साधा टास्क ठेवा, त्याला स्वतंत्र टॅग द्या आणि पासवर्ड फिरवायचा असेल तेव्हा त्या टॅगनेच चालवा.

या बदलाची एक किंमत आहे. सर्व्हर मोडमध्ये जतन केलेले डेटाबेसचे पासवर्ड वापरकर्त्याच्या लॉगिन पासवर्डने कुलूपबंद असतात. बाहेरून लॉगिन पासवर्ड बदलला की ते उलगडत नाहीत, पुन्हा टाकावे लागतात. संबंधितांना आधी सांगून ठेवा.

आणि हे विसरू नका: चुकीचा पासवर्ड लागोपाठ तीन वेळा टाकला की खातं लॉक होतं, तीन ही मूळ मर्यादा आहे. नवा चालेना म्हणून दोन-तीन जणांनी एकाच खात्यावर हात चालवून बघितला की नंतर बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि दुरुस्ती फसली असा समज होतो. इमेजमध्ये एसक्यूलाइटची कमांड नाही, पण पायथनसोबत एसक्यूलाइटचं मॉड्यूल येतं. त्यातून फाईल उघडून 'युजर' टेबलमध्ये त्या ईमेलच्या ओळीत 'लॉक्ड' आणि 'लॉगिन-अटेम्प्ट्स' दोन्ही शून्य करा. त्याआधी फाईलची एक प्रत काढून ठेवा.

पासवर्ड पहिल्याच बसवणीत चालत नसेल तर सीक्रेट तपासा. 'एको'ने पासवर्ड बेस६४ मध्ये बदलताना शेवटी नवी ओळ चिकटते आणि ती पासवर्डचाच भाग होते. बेस६४ हाताने करूच नका. सीक्रेटमध्ये 'स्ट्रिंग-डेटा' वापरा, रूपांतर क्लस्टर स्वतः करतं.

सर्व्हरची यादी

'सर्व्हर्स.जेसन' या यादीच्या फाईलचंही तेच. ती फाईल पहिल्या सुरुवातीलाच आत घेतली जाते. नंतर कॉन्फिगमॅप (ही फाईल पॉडला पुरवणारी कुबरनेटिसची नोंद) कितीही बदला, यादी हलत नाही. नव्या आवृत्त्यांत सुरुवातीला यादी बदलून घेण्याचं व्हेरिएबल आहे. ते नसेल तर 'सेटअप.पीवाय'ची 'लोड-सर्व्हर्स' आज्ञा, सोबत 'युजर' आणि 'रिप्लेस' हे पर्याय. 'रिप्लेस' विसरलात तर प्रत्येक खेपेला तेच सर्व्हर नव्याने जोडले जातात. फाईल 'सबपाथ'ने (एकच फाईल जोडण्याच्या पद्धतीने) जोडली असेल तर कॉन्फिगमॅपमधला बदल चालू पॉडमध्ये उतरत नाही, पॉड रीस्टार्ट करावाच लागतो. यासाठी पॉड टेम्प्लेटच्या अ‍ॅनोटेशनमध्ये कॉन्फिगमॅपच्या मजकुराचा चेकसम घालून ठेवा. मजकूर बदलला की पॉड आपोआप नवा होतो. सीक्रेटलाही असाच चेकसम द्या.

या फाईलमध्ये पासवर्ड ठेवता येत नाही. त्यासाठी 'पीजीपास' ही डेटाबेसच्या पासवर्डांची फाईल वापरतात आणि तिथं परवानगीचा घोळ होतो. सीक्रेट व्हॉल्यूमला 'एफएस-ग्रुप' (व्हॉल्यूममधल्या फाईली एका गटाला देणारी सेटिंग) लागला की फाईलला गटाचीही वाचनाची परवानगी येते. लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी जोडणी करणारी लायब्ररी) अशी फाईल सरळ दुर्लक्षित करतं, कारण त्याला ६०० किंवा त्याहून कडक परवानगी हवी. सीक्रेटमध्ये मोड ६०० लिहूनही फरक पडत नाही, एफएस-ग्रुप त्यावर चढतो. इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरच्या आधी चालणारा) ठेवून फाईल 'स्टोरेज'खालच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथं ६०० करा. फोल्डरचं नाव म्हणजे ईमेल, फक्त 'अ‍ॅट'च्या जागी अंडरस्कोर. इनिट कंटेनरही ५०५० क्रमांकाच्या, म्हणजे पीजीअ‍ॅडमिनच्याच, वापरकर्त्याने चालला पाहिजे, नाहीतर मालकी रूटची होऊन बसते.

पॉड 'कंटेनर-क्रिएटिंग'वर, इव्हेंटमध्ये 'मल्टि-अटॅच एरर'

डिप्लॉयमेंटची मूळ पद्धत 'रोलिंग-अपडेट'. म्हणजे नवा पॉड आधी उठतो, तो तयार झाला की जुना जातो. व्हॉल्यूम 'रीड-राइट-वन्स' असेल आणि नवा पॉड दुसऱ्या नोडवर पडला तर व्हॉल्यूम जुन्या नोडला जोडलेला असतो, नव्याला मिळत नाही. नवा तयार होत नाही म्हणून जुना जात नाही, आणि जुना जात नाही म्हणून व्हॉल्यूम सुटत नाही.

हा दोष कधी दिसतो, कधी नाही, याचं कारण असं की 'रीड-राइट-वन्स'चं बंधन नोडपुरतं आहे, पॉडपुरतं नाही. दोन्ही पॉड एकाच नोडवर पडले तर दोघांनाही व्हॉल्यूम मिळतो. ते जास्त वाईट. कारण मग दोन पीजीअ‍ॅडमिन एकाच एसक्यूलाइट फाईलवर लिहितात आणि 'डेटाबेस इज लॉक्ड' यायला लागतं.

उपाय: 'स्ट्रॅटेजी'चा प्रकार 'रीक्रिएट', 'रेप्लिका' (पॉडच्या प्रती) एक. एकच. पीजीअ‍ॅडमिन डेटाबेसची चालू जोडणी प्रोसेसच्या मेमरीत धरतं. दोन रेप्लिका केल्या तर एका पॉडवर उघडलेली क्वेरी विंडो दुसऱ्याला ठाऊकच नसते, आणि 'सीएसआरएफ टोकन' (मागणी खरी आहे हे पडताळणारी खूण) जुळत नसल्याच्या तक्रारी सुरू होतात.

आधीपासून चालू असलेल्या डिप्लॉयमेंटवर हा बदल अ‍ॅन्सिबलने करायला गेलात तर एपीआय सर्व्हर नाकारतो: प्रकार 'रीक्रिएट' असताना 'रोलिंग-अपडेट' देता येत नाही. तुम्ही तर दिलेलं नसतं! पण क्लस्टरने पहिल्या वेळी 'रोलिंग-अपडेट'चे मूळ आकडे स्वतः भरून ठेवलेले असतात आणि 'के८एस' मॉड्यूल तुमची व्याख्या त्यात मिसळतं. म्हणून 'स्ट्रॅटेजी'खाली 'रोलिंग-अपडेट' समोर 'नल' असं स्पष्ट लिहा. तेवढ्याने ते खोडलं जातं.

मिसळण्याच्या याच पद्धतीमुळे आणखी एक त्रास होतो. टेम्प्लेटमधून एखादं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल काढून टाकलं तरी ते डिप्लॉयमेंटमध्ये तसंच राहतं, कारण यादी नावानुसार मिसळली जाते आणि न लिहिलेलं काढलं जात नाही. मॉड्यूलला 'अप्लाय' खरं दिलं तर ते मागच्या वेळी काय लावलं होतं हे अ‍ॅनोटेशनमध्ये लक्षात ठेवतं आणि काढलेलं काढतं. मात्र हे सुरुवातीपासून द्यावं लागतं; मागच्या नोंदीच नसतील तर काढायचं काय ते त्याला कळत नाही. अशा वेळी एकदा 'फोर्स' वापरून पूर्ण व्याख्या बदलून घ्या.

वीज गेल्यावर

वळवाच्या पावसात एमआयडीसीत वीज जाणं नवीन नाही. यूपीएस संपला आणि एक नोड अचानक बंद पडला की काय होतं ते क्रमाने बघू. सुमारे मिनिटभरात नोड 'नॉट-रेडी' होतो. त्यानंतर ३०० सेकंदांची मूळ सवलत संपली की पॉड काढायची आज्ञा निघते. पण बंद नोडवरचा कुबलेट (नोडवरचे पॉड सांभाळणारा प्रोग्रॅम) ती आज्ञा पाळणार कसा? पॉड 'टर्मिनेटिंग'वर लटकतो. बदली पॉड दुसऱ्या नोडवर तयार होतो आणि 'मल्टि-अटॅच'वर अडकतो. 'रीक्रिएट' असूनही, कारण इथं अपडेट चाललेलं नाही.

नोड खरोखर बंद आहे याची खात्री करा. फक्त नेटवर्कची वायर सुटली असेल आणि नोड आत चालूच असेल, तर पुढची पायरी डेटा बिघडवू शकते. खात्री झाल्यावर त्या नोडला 'आउट-ऑफ-सर्व्हिस' हा टेंट (नोडवर लावायची खूण) 'नो-एक्झिक्यूट' परिणामासह लावा. कुबरनेटिस १.२८ पासून ही सोय स्थिर आहे. अडकलेला पॉड जबरदस्तीने काढला जातो आणि व्हॉल्यूम सुटतो. नोड परत आला की टेंट हाताने काढायचा असतो, आपोआप निघत नाही.

के३एस (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) वापरत असाल आणि साठवण त्याच्यासोबत येणारी 'लोकल-पाथ' असेल तर यातलं काहीच उपयोगी नाही. तिथं डेटा त्या नोडच्या डिस्कवरच आहे, पॉड 'पेंडिंग' राहणार आणि नोड उठेपर्यंत थांबावं लागणार. वीज भरवशाची नसेल तिथं पीजीअ‍ॅडमिनला लोकल-पाथ देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. एनएफएसवरही (नेटवर्कवरून जोडलेल्या साठवणीवर) ठेवू नये. एसक्यूलाइटचं फाईल लॉकिंग एनएफएसवर विश्वासाचं नाही.

पॉड दुसऱ्या नोडवर उठला, लॉगिन झालं, पण डेटाबेसच जोडला जात नाही आणि 'पीजी-एचबीए'मध्ये (कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाईलमध्ये) नोंद नसल्याचा एरर येतो? पोस्टग्रेस क्लस्टरबाहेर असेल तर त्याला सहसा पॉडचा नव्हे, नोडचा आयपी दिसतो. 'पीजी-एचबीए.कॉन्फ'मध्ये एकाच नोडचा आयपी लिहिलेला असतो. तिन्ही नोडचे लिहा आणि पोस्टग्रेस रीलोड करा; रीस्टार्टची गरज नाही.

क्रॅश-लूप

लॉगमध्ये ईमेल वैध वाटत नसल्याचा मजकूर असेल तर पत्त्याचा शेवट बघा. कारखान्याच्या अंतर्गत नेटवर्कसाठी 'डॉट लोकल' वापरायची सवय सगळीकडे आहे, आणि पीजीअ‍ॅडमिन असा राखीव डोमेन नाकारतं. खरा डोमेन वापरणं उत्तम. नाइलाज असेल तर 'अलाउ स्पेशल ईमेल डोमेन्स' या कॉन्फिगमध्ये 'लोकल' घाला.

अशी कॉन्फिग व्हेरिएबल्स जशीच्या तशी पायथन फाईलमध्ये लिहिली जातात. त्यामुळे मजकूर द्यायचा असेल तर अवतरणचिन्हांच्या आत आणखी अवतरणचिन्हं लागतात. 'ट्रू', 'फॉल्स' यांनाही यामलमध्ये अवतरणचिन्हं हवीत. नाहीतर बूलियन (खरं-खोटं प्रकारची किंमत) म्हणून कुबरनेटिस ते नाकारतं.

परवानगी नाकारल्याचा एरर 'सेशन्स' डिरेक्टरीवर येत असेल तर पॉडच्या सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये 'एफएस-ग्रुप' ५०५० आहे का बघा. होस्टपाथ व्हॉल्यूमला एफएस-ग्रुप लागत नाही, तिथं नोडवर जाऊन मालकी ५०५० ला द्यावी लागते. 'सुडो'बद्दल 'नो न्यू प्रिव्हिलेजेस'चा मजकूर दिसला तर तो पोस्टफिक्स (ईमेल पाठवणारा सर्व्हर) सुरू करण्याचा प्रयत्न आहे. पोस्टफिक्स बंद करण्याचं व्हेरिएबल द्या. त्याला कोणतीही किंमत दिली तरी ते बंदच होतं, 'फॉल्स' दिली तरी.

लॉगमध्ये काहीच चूक नाही आणि तरी कंटेनर मारला जातोय, तर लाइव्हनेस प्रोब घाई करतोय. पहिल्या सुरुवातीला डेटा फाईल तयार व्हायला वेळ लागतो, जुन्या डिस्कवर जास्तच. मध्येच मारला तर फाईल अर्धवट राहते, पुढच्या खेपेला 'फाईल आहे' म्हणून पहिली तयारी वगळली जाते आणि अ‍ॅडमिन तयारच होत नाही. स्टार्टअप प्रोब लावा: दर १० सेकंदांनी, १८ अपयशांपर्यंत सूट, म्हणजे ३ मिनिटं. पाथ 'मिस्क' खालचा 'पिंग'. इनग्रेसमागे (बाहेरच्या मागण्या क्लस्टरमध्ये आणणाऱ्या दारामागे) उपपाथवर ठेवून 'स्क्रिप्ट नेम' दिलं असेल तर प्रोबच्या पाथलाही तोच उपसर्ग जोडा. फक्त अशा अर्धवट फाईलच्या वेळीच, आणि आत कोणाचंही काम नसताना, ती फाईल काढून टाकणं योग्य.

अ‍ॅन्सिबल आणि हेल्मच्या बाजूचे अडथळे

'कुबरनेटिस' ही पायथन लायब्ररी मिळत नसल्याचा एरर, आणि पिप म्हणतं ती आहे. इन्व्हेंटरीत 'लोकलहोस्ट' नावाने लिहिला असेल तर अ‍ॅन्सिबल स्वतःचा व्हेन्व्ह सोडून सिस्टिमचा पायथन शोधतं. त्या होस्टला 'अ‍ॅन्सिबल पायथन इंटरप्रिटर' म्हणून 'अ‍ॅन्सिबल प्लेबुक पायथन' हे व्हेरिएबल द्या, किंवा लोकलहोस्ट इन्व्हेंटरीतून काढून टाका.

'के८एस' मॉड्यूलची थांबण्याची मूळ मुदत १२० सेकंद. इमेज काहीशे मेगाबाइटची आहे. पहिल्यांदा खेचताना मुदत संपते आणि प्लेबुक लाल होतं, पॉड मात्र नंतर नीट उठतो. मुदत ६०० करा.

हेल्मने (कुबरनेटिसवर 'चार्ट' नावाची तयार पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) बसवत असाल तर 'दुसरी क्रिया चालू आहे' हा एरर ओळखीचा असेल. अपडेट चालू असताना प्लेबुक मधेच तुटलं की रिलीज 'पेंडिंग-अपग्रेड'मध्ये राहतं. हेल्म ३ च्या साध्या 'लिस्ट'मध्ये ते दिसत नाही, 'ऑल' द्यावं लागतं. 'हिस्टरी' बघून शेवटच्या 'डिप्लॉइड' रिव्हिजनवर 'रोलबॅक' करा. पहिलीच बसवणी 'पेंडिंग-इन्स्टॉल'वर तुटली असेल तर परतायला मागचं काही नसतं. अनइन्स्टॉल करून पुन्हा बसवा, पण चार्टसोबत व्हॉल्यूम क्लेमही जातो का ते आधी तपासा.

हे तुटणं पावसाळ्यात जास्त होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. असे दिवस आले की सर्व्हरपाशी पोचता येत नाही, मोबाईल डेटावर व्हीपीएन लावून काम करावं लागतं आणि जोडणी केव्हाही तुटते. प्लेबुक लॅपटॉपवरून चालवू नका. कारखान्यातल्या मशीनवर शिरून 'टीमक्स'मध्ये चालवा. तुमची जोडणी तुटली तरी प्लेबुक तिथं पूर्ण होतं. हेल्म मॉड्यूलला 'अ‍ॅटॉमिक' खरं ठेवा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की तिन्ही नोडवर इमेज आधीच खेचून ठेवा, इमेजचा टॅग 'लेटेस्ट' न ठेवता नेमका आवृत्ती क्रमांक लिहा, 'पुल पॉलिसी' 'इफ-नॉट-प्रेझेंट' करा, आणि 'पीजीअ‍ॅडमिन४.डीबी'ची ताजी प्रत क्लस्टरबाहेरच्या मशीनवर ठेवा.